दिवस अनंत चतुर्दशीच्या सुमारास भरत आहेत. पेठेतून रुग्णालयात पोहोचण्याची आखणी कशी करावी?

निळी_शाई

नमस्कार. मला तेहतिसावा आठवडा सुरू आहे आणि पहिले बाळंतपण माहेरी करायचे, असे दोन्ही घरांनी मिळून ठरवले आहे. माहेर सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्ता आणि टिळक रस्ता यांच्या मधल्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. नाव घातले आहे ते रुग्णालय नदीपलीकडे एरंडवण्यात आहे. एरवी रात्रीच्या वेळी रिक्षाने तिथे पोहोचायला पंधरा मिनिटे पुरतात.

अडचण तारखेची आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवसाची आहे. विसर्जनाला लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक हे चारही रस्ते मिरवणुकीचे असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, म्हणजे आमचा वाडा दोन मिरवणुकींच्या मधोमध सापडतो.

माझे पती चाकणच्या कारखान्यात फिरत्या पाळीवर आहेत. बाबांचे वय ६८, गुडघे दुखरे, आणि ते चारचाकी चालवत नाहीत. मला भाऊ नाही. आई म्हणते की वेळ आली की शेजारी धावून येतील, पण पूर्वी वाड्यात सात बिऱ्हाडे होती, आता तीनच उरली आहेत आणि त्यांतली दोन बाबांच्याच वयाची आहेत. घरून नेमके केव्हा निघायचे, वाहन कोणते धरायचे आणि त्या दोन दिवसांचे काय करायचे, हे मला आताच ठरवून ठेवायचे आहे.

तिसरी_पाळी

मीही चाकणलाच आहे. तुमच्या यजमानांना सांगा की यंत्रावर उभे असताना फोन कपाटात असतो, त्यामुळे खात्याच्या पर्यवेक्षकाचा आणि फाटकावरच्या सुरक्षा कक्षाचा, असे दोन्ही क्रमांक घरी लिहून ठेवावेत. माझ्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी माझ्या बंद फोनवर अकरा वेळा प्रयत्न केला होता. शिवाय चाकणहून सायंकाळी निघालेला माणूस दोन तासांत पेठेत येईलच असे नाही, म्हणून त्यांना "नेणारा माणूस" धरू नका. त्यांनी थेट रुग्णालयात यावे.

प्रसूतिकक्ष

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम मानावा. मी सर्वसाधारण गोष्टी सांगते.

सर्वप्रथम तारीख. शंभरांतली चार-पाच बाळेच नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मतात. सदतिसावा आठवडा संपल्यापासून पुढे केव्हाही कळा सुरू होऊ शकतात, म्हणून आखणी एका दिवसाची न करता चार-पाच आठवड्यांची करा. विसर्जनाचा दिवस त्यातला सर्वांत अवघड दिवस आहे, इतकेच.

दुसरे, केव्हा निघायचे. खोट्या कळा अनियमित असतात, चालले किंवा कूस बदलली की बऱ्याचदा ओसरतात. खऱ्या कळांमधले अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. पहिलटकरणीने सर्वसाधारणपणे दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ सुमारे एक मिनिट आणि हे तासभर सतत, असे झाले की निघावे. पण वाटेत अडथळा असेल तर यापेक्षा बरेच आधी. कळांच्या वेळा कागदावर लिहा, कारण घाबरलेल्या घरात अंदाज नेहमी चुकतो.

पुढील गोष्टींत मात्र कळांची वाट पाहायची नाही: पाणी जाणे, विशेषतः ते हिरवट किंवा तपकिरी असेल तर, अंगावरून ताजे रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटका, आणि सदतीस आठवड्यांच्या आधी नियमित कळा येणे. निघण्यापूर्वी प्रसूतिकक्षात फोन करा, म्हणजे तिथे तयारी होते.

तुमचा रक्तगट कोणता आहे?

काजूबोंड

आम्ही सावंतवाडीकडचे. आमच्याकडे गुंतागुंत झाली की कित्येकदा जिल्ह्याबाहेर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. माझ्या वहिनीला तसेच पाठवले. रात्री अडीच वाजता, पाऊस कोसळत असताना, गाडी बांद्याच्या पुढे पत्रादेवीच्या हद्दीवरून जात होती आणि वहिनी डाव्या कुशीवर पडून माझ्या आईचा हात इतका घट्ट धरून होती की आईच्या बांगड्यांचे वण दुसऱ्या दिवशीही दोघींच्या हातांवर होते. त्या वेळी आम्ही धडा घेतला तो कागदांचा. सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे घरच्या कपाटात राहिले होते आणि पोहोचल्यावर पहिला प्रश्न रक्तदाबाच्या जुन्या नोंदींचा झाला. तेव्हापासून आमच्या घरात कोणाचेही दिवस भरत आले की कागदांची पिशवी दाराच्या खुंटीवर लटकलेली असते आणि प्रत्येक कागदाचे छायाचित्र तिघांच्या फोनमध्ये असते.

निळी_शाई

@प्रसूतिकक्ष, रक्तगट बी निगेटिव्ह आहे. पतींचा बी पॉझिटिव्ह.

प्रसूतिकक्ष

मग हे आखणीत ठळक अक्षरांत घाला. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर तुम्हाला अँटी-डीचे (पुढच्या खेपेच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून देतात ते) इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत मिळायला हवे, म्हणून रक्तगटाचा कागद सर्वांत वर ठेवा. निगेटिव्ह रक्त ऐनवेळी मिळवणे कठीण असते. दोन-तीन निगेटिव्ह रक्तदात्यांची नावे आधीच काढा आणि रुग्णालयाला कळवून ठेवा.

रस्ता_चुकलेला

हे सगळे ठीक आहे, पण साधी गोष्ट अशी की १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. रिक्षा, शेजारी, पर्यवेक्षक या साऱ्याची गरजच काय?

सह्याद्री_वाट

@रस्ता_चुकलेला, १०८ चा मी स्वतः लाभ घेतला आहे आणि त्या माणसांबद्दल मला आदर आहे. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, ती आपत्कालीन सेवा आहे आणि सहसा जवळच्या योग्य शासकीय रुग्णालयात नेते. तुम्ही नाव घातलेल्या खासगी रुग्णालयात नेईलच असे गृहीत धरता येत नाही. दोन, वाड्याच्या बोळात मोठी गाडी शिरतच नाही, त्यामुळे बोळाच्या तोंडापर्यंत आणि दोन मजले खाली येण्याचा प्रश्न तसाच राहतो. ज्यांचे बाळंतपण शासकीय रुग्णालयात आहे त्यांच्यासाठी १०२ ची गाडीही आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून रुग्णालयात नेणे, गरज पडल्यास एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणे आणि बाळंतिणीला परत घरी सोडणे, हे तिन्ही मोफत आहे. घरी परतण्याची सोय अनेकांना ठाऊक नसते आणि ओल्या बाळंतिणीला लोक भरल्या जीपमध्ये बसवून आणतात.

माझे मत असे की सुरळीत कळांसाठी ठरवलेले खासगी वाहन आणि धोक्याच्या लक्षणांसाठी १०८. दोन्ही क्रमांक एकाच कागदावर असावेत.

सातपुड्याची_आशा

मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या पाड्यांवर आशा म्हणून काम करते. इथे शहरातल्या ताईंच्या अडचणी वाचताना जाणवले की प्रश्न तोच आहे, अंतर तेवढे वेगळे.

आमच्या एका पाड्यापासून गाडीरस्ता चार किलोमीटर खाली आहे. पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि नाला भरला की गाडी पलीकडेच थांबते. मग बांबूला गोधडी बांधून झोळी करतात आणि चौघे पुरुष आळीपाळीने खांदा देतात. पाऊस असेल तर वरून प्लास्टिकचा कागद धरायला पाचवा माणूस लागतो. हे पाचजण त्या रात्री पाड्यावर आहेत का, हाच आमच्याकडचा वाहनाचा प्रश्न असतो, कारण ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेले की पाड्यावर म्हातारी माणसे आणि पोरेच राहतात. म्हणून मी सातव्या महिन्यापासून सासूकडे बसून पाच नावे विचारते.

त्याहून चांगला उपाय माहेरघराचा आहे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात अशी खोली असते, जिथे दिवस भरत आलेली बाई प्रसूतीच्या काही दिवस आधी येऊन राहते. पण बाई सहज येत नाही. घरी दोन वर्षांचे पोर असते, शेळ्या असतात, आणि "अजून कळा नाहीत तर तिथे बसून काय करायचे" असे घरचे म्हणतात. मी भांडत नाही. शेळ्या कोण पाहील हे आधी ठरवते, मग विषय काढते. मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या खेपेची एक बाई अशीच आली, चौथ्या रात्री तिला कळा आल्या आणि पाऊण तासात मोकळी झाली. त्या रात्री नाला भरलेला होता.

ताई, तुम्हाला नदीपलीकडे कोणी नातेवाईक नाहीत का?

तुळशी_वृंदावन

आशाताईंच्या प्रश्नातच उत्तर आहे. माझे वय ७२ आहे आणि माझी दोन्ही बाळंतपणे पेठेतच झाली, म्हणून पेठेबद्दल मला प्रेम आहे. तरीही मी सांगेन की गौरी गेल्या की मुलीने नदी ओलांडावी. माहेरपण हवे असते ते आईच्या हातचे आणि आई कोठेही बरोबर जाऊ शकते. आईला वाटत असेल की गणपती घरात असताना मुलीला दुसरीकडे कसे पाठवावे, तर आरती बाबा करतील.

मुठेकाठी

@तुळशी_वृंदावन, मी आदरपूर्वक असहमत आहे. शेवटच्या दिवसांत स्वतःची खोली, स्वतःचे अंथरूण सोडून परक्या घरी जाणे सोपे नसते. मी मिरवणुकीत कार्यकर्ता म्हणून वीस वर्षे उभा आहे आणि रुग्णवाहिका आली की ढोल थांबतात, पोरे हात धरून साखळी करतात आणि मिनिटभरात वाट मोकळी होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. वाहतूक पोलीस दरवर्षी बंद रस्त्यांची आणि पर्यायी मार्गांची यादी आधी प्रसिद्ध करतात. टिळक रस्ता ओलांडून म्हात्रे पुलाकडे जायचे, लकडी पुलाच्या वाटेला जायचेच नाही. मंडळाच्या अध्यक्षांना आणि चौकीत आधी सांगून ठेवा. कोणी नाही म्हणणार नाही.

प्रसूतिकक्ष

@मुठेकाठी, रुग्णवाहिकेला वाट मिळते हे खरेच आहे. पण ती गाडी आधी गर्दीतून आत यायची आणि मग पुन्हा बाहेर जायची, असा दुप्पट वेळ धरावा लागतो. मातामृत्यूंचा अभ्यास करताना १९९४ पासून आम्ही तीन विलंबांची मांडणी वापरतो: निघण्याचा निर्णय घ्यायला झालेला उशीर, पोहोचायला झालेला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. दुसऱ्या विलंबाची भीती मोठी असली की पहिलाही वाढतो. "एवढ्या गर्दीत कुठे निघायचे, थोडे थांबू," असे घरातले म्हणतात आणि तो थोडा वेळ फार महाग पडतो. रस्ता मोकळा असेल तर निर्णयही लवकर होतो.

कुर्ल्याची_लेक

२६ जुलै २००५ ला माझ्या बहिणीला कळा सुरू झाल्या. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद, फोन लागत नव्हते आणि ठरलेले रुग्णालय आमच्यापासून सात किलोमीटरवर होते. आमच्याकडे दुसरा पर्याय ठरलेलाच नव्हता. इमारतीतल्या एका परिचारिका काकूंनी सांगितले की मागच्या गल्लीत एक लहान प्रसूतिगृह आहे. आम्ही तिथे गेलो ते मांडीभर पाण्यातून, पुढे एकजण काठीने उघडी गटारे चाचपत होता. बहीण आणि भाचा दोघेही सुखरूप आहेत.

म्हणून माझी एकच विनंती आहे की चालत जाता येईल असे एक प्रसूतिगृह आधी पाहून ठेवा, तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटा आणि अहवालांची प्रत तिथे द्या. फोन लागणार नाही असे धरून आखणी करा.

पश्चिमरंग

मी इंग्लंडमध्ये असते. इथे कळा सुरू झाल्यावर आधी प्रसूती विभागाला फोन करायचा आणि मग निघायचे. फोनवरची दाई कळ चालू असतानाही मला बोलते ठेवत होती, कारण कळेत बोलता येते की नाही यावरून तिला अंदाज येत होता. हा फोन घरच्यांनी न करता शक्यतो बाईने स्वतः करावा.

सह्याद्री_वाट

पश्चिमरंग यांच्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. रुग्णालयाची रात्रीची वाट दिवसा पाहून समजत नाही. आम्ही रात्री एकला पोहोचलो तेव्हा मुख्य फाटक बंद होते आणि आपत्कालीन दार मागच्या गल्लीत निघाले. उद्वाहनाचा चालक रात्री नसतो का, अनामत रक्कम किती आणि कोणत्या स्वरूपात भरावी लागते, हे एका रात्री जाऊन विचारून या.

रस्ता_चुकलेला

सह्याद्री_वाट यांचे म्हणणे पटले. एक प्रश्न आहे: गाडीतच बाळ आले तर काय करायचे? पत्नीची दुसरी खेप आहे आणि पहिल्या वेळी सगळे पाच तासांत झाले होते.

प्रसूतिकक्ष

दुसऱ्या खेपेला वेळ आणखी कमी लागू शकतो, त्यामुळे पाच मिनिटांचा नियम तुमच्यासाठी नाही. कळा नियमित झाल्या की निघा.

वाटेत जोर यायला लागला आणि बाळाचे डोके दिसू लागले, तर गाडी बाजूला घेऊन थांबवा आणि १०८ ला फोन लावून ठेवा. बाळाला ओढायचे नाही, फक्त हातांचा आधार द्यायचा. बाळ आले की स्वच्छ कापडाने कोरडे करा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांवर पांघरूण घाला, डोके झाका. नाळ कापायची नाही, वार ओढायची नाही. गाडीत दोन स्वच्छ सुती पंचे, एक चादर आणि प्लास्टिकचा कागद कायम असू द्या. प्रवासात डाव्या कुशीवर पडणे चांगले. बसावे लागले तर पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या खाली मांड्यांवरून आणि वरचा छातीच्या मधून घ्यावा. कळा वाढवण्याचे इंजेक्शन घरी किंवा वाटेत कोणाकडूनही घेऊ नये.

निळी_शाई

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. आशाताई, तुमच्या प्रश्नावर आम्ही घरात दोन संध्याकाळ बोललो. माझी मावशी कोथरूडला राहते. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि आई तिच्याकडे जाऊ आणि अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी परत येऊ. तिच्या घरापासून नदी न ओलांडता एरंडवणे गाठता येते आणि मावसभाऊ गाडी चालवतो. बाळ त्याआधी किंवा नंतर आले तर वाड्यातूनच निघायचे आहे, म्हणून बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या रिक्षावाल्या काकांशी बोललो; ते रात्री रिक्षा घरासमोरच लावतात. रक्तदात्यांची तीन नावे मिळाली. चालत जाण्याजोगे प्रसूतिगृहही पाहिले.

काल आम्ही जिन्याचा सराव केला. जिना लाकडी आहे आणि त्याची रुंदी बाबांनी मोजली तेव्हा सव्वादोन फूट भरली. मला चालवले नाही तर खुर्चीत बसवून उतरवायचे, असे ठरले होते. आम्ही खुर्चीत तांदळाचे पोते ठेवले, ओढणीने पाठीला बांधले आणि खालच्या मजल्यावरचा विद्यार्थी पुढून, रिक्षावाले काका मागून, असे दोघे उतरू लागले. वळणावर खुर्चीचे हात कठड्यात अडकले, खुर्ची पुढेही जाईना आणि मागेही येईना. बाबा खाली विजेरी धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा पाहून मला वाटले की हे आजच घडले ते फार बरे झाले. मग स्वयंपाकघरातली बिनहातांची खुर्ची घेतली. ती साडेतीन मिनिटांत खाली पोहोचली.

प्रसूतिकक्ष

फार चांगली तयारी केली आहे. एकच दुरुस्ती. पाणी गेले आणि त्यानंतर मार्गात नाळेचा वेढा हाताला लागला किंवा दिसला, तर खुर्चीत बसायचे नाही. असे क्वचित होते, पण तेव्हा बसल्यामुळे बाळाचे डोके नाळेवर दाबले जाते आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. गुडघे आणि छाती अंथरुणाला टेकवून, कंबर वर ठेवून ओणवे राहायचे, नाळ आत ढकलायची नाही, आणि त्याच क्षणी १०८ ला आणि रुग्णालयाला कळवायचे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा की बाळाचे डोके खाली बसले आहे का. ते नीट बसले असेल तर हा धोका बराच कमी होतो.

सातपुड्याची_आशा

ताई, खुर्ची चालणार नसेल तेव्हा चादरीची झोळी करता येते. जाड चादर दुहेरी करा आणि चारही कोपऱ्यांना गाठ मारा, म्हणजे पकड सुटत नाही. त्यालाही चार माणसे लागतात, त्यांची नावे आजच लिहा.

निळी_शाई

दुरुस्ती केली. दोन माणसे होती, आणखी दोघांशी आज संध्याकाळी बोलते. समोरच्या वाड्यातले व्यायामशाळेचे दोघे भाऊ हो म्हणतील असे बाबांना वाटते. डोके बसले आहे का, हे गुरुवारच्या तपासणीत विचारून इथे लिहीन. कागद दाराच्या आतल्या बाजूला, बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावला आहे.